गोधडीच्या पाठीवर एक नाव

हुबळीहून अंकोल्याकडे जाणारी बस कलघटगी मागे टाकते आणि मोकळी शेते हळूहळू संपून सागवान आणि बांबूचे जंगल सुरू होते. साधारण ७० किलोमीटरवर येल्लापूर येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव प्रवाशांना ठाऊक आहे ते मागोडच्या धबधब्यामुळे. मी मात्र धबधबा पाहायला निघाले नव्हते. माझ्या पिशवीत घरची एक जुनी गोधडी होती आणि मला गोधड्या शिवणाऱ्या बायकांना भेटायचे होते.

निमित्त अगदी घरगुती होते. दिवाळीत आम्ही भावंडे जमलो असताना धाकट्या बहिणीने आईला विचारले, ‘‘आजवर किती गोधड्या शिवल्यास गं?’’ आई बोटे मोजू लागली. ही बाळंतविड्यात गेली, ती मामेभावाच्या लग्नात दिली, एक पुराच्या वर्षी भिजून कुजली. विसाच्या पुढे तिचा गोंधळ झाला. ‘‘लिहून ठेवायला तो काय किराणा आहे?’’ असे म्हणून तिने विषय मिटवला. मग ट्रंकेतली सर्वांत जुनी गोधडी निघाली. ही तुझी की आजीची, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘मीच शिवली असेन.’’

तिचे ते ‘असेन’ मला टोचले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सुईत दोरा ओवून द्यायला आता नात लागते. तिला आठवते तोवर ही माहिती आमच्याकडे आहे. त्यानंतर काय?

जंगलातली ओळखीची बोली

सिद्दी म्हटले की आपल्याला मुरूडचा जंजिरा आठवतो. येल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातल्या सिद्दींची कहाणी मात्र निराळी आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून जी माणसे गोव्यात आणली, त्यांतले कित्येक पळून सह्याद्रीच्या या रानात शिरले. त्यांचे वंशज आज इथल्या वाड्यांवर राहतात, सुपारीच्या बागांत आणि शेतांत राबतात. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. २००३ साली कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

मराठी माणसाला इथे सुखद धक्का बसतो तो बोलीचा. घरात बोलतात ती कोकणी, पण तिच्यात मराठी आणि कन्नड शब्दांची सरमिसळ असते. एका वाडीवर अंगणात बसलेल्या आजींशी बोलताना मला दुभाष्याची गरज फारशी पडलीच नाही. काही अडलेच तर त्यांची नात मदतीला होती.

आजींच्या मांडीवर कवंदी होती. कवंदी म्हणजे सिद्दींची गोधडी. खाली अस्तराला जुनी साडी, तिच्यावर विटलेल्या कपड्यांचे तुकडे आणि त्यावर जाड दोऱ्याचा धावदोरा. आपली वाकळही अशीच असते, पण कवंदी शिवण्याची रीत वेगळी. आजी एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे लावत निघतात, चारही बाजू फिरतात आणि गोल गोल आत येत शेवटचा टाका मधोमध घालतात. आधी कागदावर काही आखलेले नसते. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले बसवतात. फुलांवाचून कवंदी उघडीच, असे त्या मानतात. ख्रिस्ती घरांतल्या काही कवंदींवर क्रूस दिसतो, तर मुसलमान घरांतल्या काहींवर चंद्रकोर.

प्रत्येक तुकड्याची ओळख

मी विचारले, ‘‘आजी, हे तुकडे कुणाचे?’’ त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली. हा नातवाच्या शाळेचा गणवेश, हे सुनेचे पोलके, हा धन्याचा शर्ट. ते जाऊन अकरा वर्षे झाली, एवढे सांगून बोट क्षणभर तिथेच थांबले आणि पुढे सरकले. आजींना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांच्या घरातल्या तिन्ही कवंदींचा हिशेब त्यांना पाठ होता.

‘‘आणि विकलेल्या?’’

आजी हसल्या. पूर्वी कवंदी घराबाहेर जायची ती लेकीच्या सासरी किंवा बाळंतिणीकडे. २००४ साली अमेरिकेतले कलाअभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या पुढाकाराने या भागातल्या बायकांची गोधडी-सहकारी संस्था उभी राहिली. त्यानंतर कवंदी शहरांत आणि परदेशांतही पोहोचू लागल्या. हाताला चार पैसे मिळू लागले, ही आनंदाचीच गोष्ट. ‘‘पण कुणाच्या घरात गेल्या, ते काय ठाऊक?’’ आजी म्हणाल्या. ‘‘घेणाऱ्याला माझं नाव तरी कुणी सांगितलं असेल का?’’

नातीने तेवढ्यात मोबाइल पुढे केला. दोन वर्षांपासून ती प्रत्येक कवंदीचा फोटो काढते, खाली तारीख घालते आणि आजीचे नाव लिहिते. त्याआधी शिवलेल्यांचे काय, असे मी विचारले नाही. तिघींनाही उत्तर माहीत होते.

दोन हातांचे टाके

मग मी पिशवीतून आमची गोधडी काढली. आजींनी ती उताणी न पाहता आधी उलटी केली. अस्तरावरून हात फिरवत त्या मध्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘ही एका बाईची नव्हे. इथवरचा टाका बारीक आहे, एका ओळीत. इथून पुढचा लांब आणि तिरका. दोघींनी शिवली आहे.’’

इतकी वर्षे पांघरूनही आम्हाला ते दिसले नव्हते. संध्याकाळी येल्लापूरच्या लॉजवरून आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘हो गं. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा ती अर्धी राहिली होती. पुढे मी पुरी केली. विसरलेच होते बघ.’’

गोधडी स्वतःच आपली नोंद ठेवते, हे खरे. पण ती वाचणारे डोळे दर घरात असतातच असे नाही. म्हणून अक्षरांचा आधार हवा. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी कांथा शिवला आणि त्यावर दोऱ्यानेच आपले नाव घातले. कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयाच्या संग्रहात तो आहे. असे असंख्य कांथे बायकांनी शिवले. त्यांतल्या बहुतेकींची नावे आज कुणालाच सांगता येणार नाहीत. मानदासुंदरीचे येते, कारण तिने ते लिहिले.

तुम्हीही एवढे करा

यासाठी फार खटाटोप लागत नाही. शंभर पानी वही घ्या. एका गोधडीला एक पान. शिवायला घेतल्याची आणि पुरी झाल्याची तारीख, लांबी-रुंदी, कुणासाठी शिवली आणि मुख्य म्हणजे कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा, हे लिहा. त्याच कापडाची बोटभर चिंधी पानावर टाचा. रंग विटला तरी मूळ रंग कळेल. एक फोटो पुढून आणि एक मागून काढा. मोबाइल बदलला की फोटो हरवतात, म्हणून छापून चिकटवा. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यावर सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर दोऱ्याने नाव आणि साल घाला; पेनाची शाई धुण्यात जाते. देऊन टाकलेल्या गोधड्यांसाठी नातेवाइकांना फोन करा. निदान विचारपूस तरी होईल!

येल्लापूरला जायचे असेल तर मुंबई-पुण्याहून मिरज, बेळगावमार्गे रेल्वेने हुबळी गाठा आणि पुढे बस घ्या. पाऊस इथे मुसळधार पडतो, तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. वाड्यांवर ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन जा, फोटो विचारून काढा आणि कवंदी विकत घेतलीत तर शिवणारीचे नाव तिथल्या तिथे लिहून घ्या.

परतल्यावर आईसमोर वही ठेवली. पहिल्या पानावर तिने चष्मा लावून, थरथरत्या अक्षरांत दोन नावे लिहिली. आधी सासूबाईंचे, मग स्वतःचे. आतापर्यंत सतरा पाने भरली आहेत. अठरावी गोधडी नागपूरला मावशीकडे असावी, असे तिला वाटते. रविवारी फोन करणार आहोत.