पाचोळ्याचा कोपरा

दिग्रस,
पोळ्याची कर

प्रिय सखे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मागच्या पायरीवरच बसले होते आणि समोर सातभाई पाचोळा उधळत होते. लीड्सच्या तुझ्या बागेत फावडं हातात घेतलंस की तो तांबड्या छातीचा रॉबिन हातभर अंतरावर येऊन बसतो आणि मातीतून निघालेली गांडुळं टिपतो, हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! 'तुझ्याकडे काय येतं गं?' असं तू शेवटच्या ओळीत विचारलंस. उत्तर मात्र ओळीत मावणारं नाही. काल पोळा झाला, आज घरात सगळे सुस्त आहेत, तेव्हा निवांत लिहिते.

आधी तुझ्या रॉबिनचं. इंग्रजांनी इथे आल्यावर आपल्या दोन पक्ष्यांना त्याचंच नाव देऊन टाकलं, चिरकाला आणि दयाळाला. तांबडी छाती दोघांनाही नाही. चिरकाच्या शेपटीखाली तेवढा विटकरी रंग असतो, आणि ती शेपटी तो सारखी उभारून दाखवतो. दयाळ काळापांढरा. फाल्गुन-चैत्रात तो पहाटे पाण्याच्या टाकीवर बसून अशी शीळ घालतो, की मी गजर लावणं सोडून दिलं आहे. पण फावड्यामागे येण्याची तुझ्या रॉबिनची रीत मला फार ओळखीची वाटली. आपल्या शेतात डवरणी चालू असली की डवऱ्यामागे बगळे चालतात आणि कोतवाल वरून झेपा घेतात, ते आठवतं ना? ओळख माणसाशी नसते, उलटलेल्या मातीशी असते. माणूस तिथे असला तरी चालतो, इतकंच. मला वाटतं मैत्रीची सुरुवात तिथूनच होते.

माझी सुरुवात पाचोळ्यापासून झाली. आमच्या मागच्या आवारात कडुनिंब आहे, सीताफळ आहे, पेरू, अंजीर, कडीपत्ता आणि कुंपणाला मेंदी. कडुनिंबाची पानगळ तुला माहीतच आहे. रोज सकाळी झाडून, ढीग करून पेटवून द्यायचा, हा घरचा शिरस्ता. एका वर्षी माझं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि कुंपणाजवळचा कोपरा महिनाभर झाडायचा राहिला. सासूबाई रोज म्हणायच्या, "काहून वो, कोपरा तसाच ठेवला? लोकं काय म्हणतीन?" लोक काय म्हणाले ठाऊक नाही, पण सातभाई आले. आठ जण. एकेक पान चोचीने उचलून बाजूला फेकायचं, खालचा किडा, वाळवी, कोळी टिपायचा, पुढचं पान. कोपरा उलटून झाला की एकामागोमाग एक उडत पुढच्या आवारात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत. त्यानंतर मी तो कोपरा कधीच झाडला नाही.

तू म्हणशील, सातभाई काय बघायचे? मळकट राखी अंग, अस्ताव्यस्त पिसं, सतत कलकलाट आणि पिवळसर पांढऱ्या डोळ्यांमुळे कायम रागावल्यासारखा चेहरा. मीही तेच म्हणत असे. शेजारी बसायला लागल्यावर मत बदललं. एक जण नेहमी वर फांदीवर राखणीला असतो, बाकीचे खाली चरतात. दुपारच्या उन्हात ते फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतात आणि एकमेकांच्या मानेची पिसं विंचरतात. एकाच्या घरट्यातल्या पिलांना बाकीचेही भरवतात. इंग्रजीत आणि हिंदीत त्यांना सात बहिणी म्हणतात, आपण सात भाऊ केलं. खरं तर थव्यात दोन्ही असतात आणि सातच असतात असंही नाही.

मी काय केलं विचारशील तर जवळजवळ काहीच नाही. सकाळी साडेसहाला त्याच पायरीवर, त्याच जुन्या करड्या शालीत, न हलता बसायचं. पहिले काही आठवडे ते वीस फुटांच्या आत येईनात. मग हळूहळू अंतर कमी झालं. आता त्यांतला एक, ज्याच्या डाव्या पायाचं बोट वाकडं आहे, माझ्या चपलेशेजारचं पान उलटून जातो. हातावर दाणे घेऊन त्यांना बोलवावं असं मला कधी वाटलं नाही. माणसाच्या हाताची भीती गेलेला पक्षी पुढच्या गल्लीत गलोल घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या हातालाही भिणार नाही.

आणि एक हात मी लावला होता, त्याचं दुःख अजून आहे. सहा वर्षांपूर्वी मेंदीच्या कुंपणाखाली बुलबुलचं पिल्लू सापडलं. पिसं आलेली, शेपूट आखूड, उडता येत नव्हतं. मला वाटलं, पोरकं झालं. उचलून आत आणलं, टोपलीत कापडावर ठेवलं, कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. बाहेर दोन्ही बुलबुल दिवसभर खिडकीच्या गजांपाशी ओरडत होते आणि मला वाटत होतं, ते आपलं नेहमीचं गातायत. सकाळी पिल्लू थंड पडलेलं होतं. नंतर वाचून कळलं, की बुलबुलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि त्यानंतरही काही दिवस आईबाप त्यांना झुडपात, जमिनीवर भरवत असतात. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही. आता असं पिल्लू दिसलं की मी मांजर हाकलते, फार तर त्याला जवळच्या फांदीवर ठेवते आणि आत जाऊन दार लावते.

उन्हाळ्यात मात्र आपण काही करावं, ते पाणी. एप्रिल-मेमधलं आपलं ऊन तुला आठवत असेल, पारा ४४ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणलं आहे. पाणी दोन बोटंच खोल, मध्ये एक दगड, आणि रोज घासून भरायचं. सावलीत ठेवलेलं, पण झुडपाला चिकटून नाही, नाहीतर मांजर दबा धरून बसते. सकाळी पहिला मान होल्यांचा, मग चिमण्या, साळुंक्या, बुलबुल. साळुंकी आंघोळ करते तेव्हा परळातलं अर्धं पाणी बाहेर. एकदा ऐन दुपारी शिक्रा येऊन पाण्यात उभा राहिला. पंधरा मिनिटं आवारात चिटपाखरू हललं नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणारा तो शिकारी बघून मला त्याचीही दया आली.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तू तिकडे वाचलं असशील. त्या पावसाळ्यात रोज पेपर उघडायची भीती वाटायची. आमच्या परसातल्या वांग्यांवर आणि भेंडीवर मारायला पंप यायचा, तो त्या वर्षीपासून बंद केला. दोन हंगाम अळ्यांनी भाजी खाल्ली. मग शिंपी पक्षी आले, दयाळ आले, आणि आता आम्हालाही थोडी भेंडी मिळते.

शिंप्याचं तर सांगायलाच हवं. सासूबाई श्रावणात ओसरीवर बसून वाती वळतात, समोर टोपलीत सरकी काढलेला कापूस. यंदा त्यांच्या लक्षात आलं, की आपण पाणी प्यायला उठलो की टोपलीतून पुंजका कमी होतो. चोर सापडला तो अंगठ्याएवढा. शेपूट वर, डोकं तांबूस, आवाज अंगाच्या दसपट. अंजिराची दोन पानं त्याच्या जोडीदारणीने काठाकाठाने भोकं पाडून कोळिष्टकांनी आणि कापसाच्या धाग्यांनी शिवली होती. भोकातून धागा ओवून बाहेर त्याचा गोळा फुगवायचा, म्हणजे तो निसटत नाही. आत घरटं, त्यात आमच्या देवाच्या वातींचा कापूस. सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "देवालेच लागला ना तो." दुसऱ्या दिवसापासून टोपलीच्या काठावर एक पुंजका मुद्दाम सैल करून ठेवू लागल्या.

याच श्रावणात सातभाईंनी आम्हाला मोठ्या संकटातून वाचवलं. मांजर दिसलं तर त्यांचा कलकलाट वेगळा आणि शिक्रा दिसला तर वेगळा, एवढं मला आता कळतं. त्या सकाळी आवाज तिसराच होता. सगळे न्हाणीच्या दगडाभोवती गोल करून, पंख अर्धे उघडून, खाली बघत चिरकत होते. साळुंक्या आणि बुलबुलही येऊन मिळाले. नात तिकडेच ब्रश घेऊन निघाली होती, तिला हाताला धरून मागे ओढलं. दगडाच्या कपारीत नाग होता. सर्पमित्राला फोन केला, त्याने तो धरून दूर नेऊन सोडला. नातीने त्या दिवसापासून सातभाईंना 'आपले वॉचमन' असं नाव दिलं आहे.

आता खरी बातमी, जी तुला सांगायची म्हणून मी इतका वेळ थांबवून ठेवली. जूनमध्ये, पहिल्या सरी आल्या त्याच आठवड्यात, कडुनिंबावर चातक दिसला. काळापांढरा, डोक्यावर शेंडी. रामटेकच्या डोंगराशी आपण ज्या 'मेघदूता'ची गाठ घालतो, त्यातला हाच. पावसाच्या वाऱ्याबरोबर तो आफ्रिकेतून येतो. बाई दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते, आणि ते दुसरं घर बहुतेक वेळा सातभाईंचं. अंडंही त्यांच्यासारखंच निळं. पेरत्या पावसाचा निरोप देणारा पावश्यासुद्धा सातभाईंकडेच वाढतो. ज्या दोन पक्ष्यांकडे आपला अख्खा मुलूख कान लावून बसतो, त्यांची पोरं हे मळकट सातभाई सांभाळतात! हे पुस्तकात वाचलं होतं, पण गेल्या पंधरवड्यात डोळ्यांनी पाहिलं. कडीपत्त्यावर एक शेंडीवालं पिल्लू चोच वासून ओरडत बसलेलं आणि माझा तो वाकड्या बोटाचा त्याला सुरवंट भरवतोय. त्याची स्वतःची, की भावाची, दोन पिल्लंही शेजारीच होती. तिघांनाही आळीपाळीने. त्या दिवशी मी पायरीवरून उठलेच नाही, सकाळचा स्वयंपाक सुनेने केला.

पक्ष्यांची नावं मला कशी कळली विचारशील. मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' घरात आहे, त्याचं कव्हर आता निघालंय. गेल्या वर्षी, १८ जून २०२५ ला ते गेले आणि मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२, तो आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. मी तेव्हा नातीच्या वर्गातल्या पोरांना आमच्या पायरीवर बोलावते. एका वेळी चारच, बोलायचं नाही. आणि फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची मोजणी असते, पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसेल ते नोंदवायचं. तुझ्याकडे जानेवारीच्या शेवटी तासभराची अशीच मोजणी होते ना, १९७९ पासून? यंदा दोघींनी केली तर याद्या एकमेकींना पाठवू. माझ्या यादीत पळसमैना असतील, त्या पळस फुलताना आपल्याकडे थव्यांनी येतात. मात्र नीलपंख असेल की नाही, सांगता येत नाही. लहानपणी दसऱ्याला त्याचं दर्शन घ्यायला आपण गावाबाहेर जायचो आणि तारेवर एखादा तरी मिळायचाच. २०२३ च्या देशभरातल्या पक्षी-अहवालात तो झपाट्याने कमी होतोय असं आलं आहे. गेल्या दसऱ्याला मी अरुणावती धरणाच्या रस्त्याने पार टोकापर्यंत जाऊन आले. दिसला नाही.

डिसेंबरात येशील तेव्हा चातक गेलेले असतील. आज सकाळी त्या पिलाने पहिल्यांदा स्वतः सुरवंट पकडला, फांदीवर आपटून गिळला आणि तरीही लगेच वाकड्या बोटवाल्यासमोर चोच वासली. सातभाई मात्र असतील. ती करडी शाल तुझ्यासाठी धुवायची नाही असं ठरवलं आहे, तीच पांघरून बस. पहिले दोन दिवस ते तुला ओळख देणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पेरूखालची पायरी तुझी, कोपऱ्यातली माझी.

तुझीच.