गंगेच्या घाटावरील लांब दांड्याचें जाळें

मराठवाड्यास समुद्र नाहीं; तेव्हां धक्क्यावर उभें राहून मासे धरण्याची गोष्ट येथें कशास, अशी वाचकांस शंका येईल. परंतु नांदेडास गोदावरीचे उंच घाट आणि लातुराकडे मांजरेवरील बंधारे, हेच आमचे धक्के होत. गळास लागलेला मासा इतक्या उंचीवर केवळ दोरीनें ओढूं गेल्यास दोरी तुटते किंवा त्याचा जबडा फाटतो.

गेल्या कार्तिकांत आम्ही कन्येकडे नांदेडास राहिलों होतों. आमच्या दौहित्रास गळाचा छंद जडला आहे. घरांत मत्स्याहार वर्ज्य असल्यामुळें मासा धरावा, पाहावा आणि पुन्हां गंगेंत सोडावा (गोदेस इकडे सारे गंगाच म्हणतात) एवढाच त्याचा खेळ. आमच्या कुटुंबानें त्यास दोन अटी घातल्या: जाळें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआंत यावयाचें नाहीं, आणि पाण्यावर वांकावयाचें नाहीं. पहिली अट सोवळ्याची, दुसरी जिवाची. घाटाच्या शेवाळलेल्या कडेवर आंखूड जाळें घेऊन वांकणारा मुलगा आम्हीं पाहिला, तेव्हां आमच्याही पोटांत गोळा उठला.

अमरकोशाच्या वारिवर्गांत जाळ्यास आनाय, गळास बडिश आणि मासळीच्या करंडीस कुवेणी हे शब्द आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतले. परंतु आनाय कसा निवडावा, हें आम्हांस घाटावरील एका वृद्ध भोयानें शिकविलें. त्यानें प्रथम सुतळीस दगड बांधून कडेपासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजावयास लाविलें. तें सात फूट भरलें. जाळ्याचें कडें पाण्यांत पुरतें बुडावें, दांडा थोडा तिरपा राहावा आणि हातांत धरावयास उरावा, म्हणून आणखी तीन-चार फूट हवेत. बाजारांत दाखविलेलें घडीचें सुबक जाळें चारच फुटांचें होतें. तें नावेंत बसणाऱ्यासाठीं ठीक.

दांडा लांब झाला म्हणजे तरफेचा नियम आड येतो. दोन किलोंचा रोहू दहा फुटी दांड्याच्या टोकास आहे आणि आपले हात दोन फुटांच्या अंतरानें दुसऱ्या टोकास आहेत, असें समजा. दांडा आडवा धरून उचलल्यास पुढील हातावर दहा किलोंचा भार येतो, आणि मागील हातानें आठ किलो खालीं दाबावें लागतें. दांड्याचें स्वतःचें वजन निराळेंच! यास्तव तो उभा करावा व विहिरींतून पोहरा काढावा तसा हातावर हात घेत सरळ वर ओढावा. एकांत एक सरकणारे ॲल्युमिनियमचे दांडे हलके खरे, परंतु त्यांचे सांधे घट्ट बसतात कीं नाहीं, तें दुकानांतच पाहावें.

जाळ्याचा घोळ खोल हवा; उथळ असल्यास मासा उसळून बाहेर पडतो. मासा सोडावयाचा असल्यास गांठीचें खरखरीत सूत नको. त्यानें खवले निघतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो. रबराचें वा बिनगांठीचें जाळें किंचित् महाग पडतें, पण तेंच घ्यावें. रबरांत गळही कमी गुंततो. शिवाय जाळें घेऊन माशाच्या पाठीस लागूं नये. तें आधींच पाण्यांत स्थिर ठेवावें आणि दमलेला मासा डोक्याकडून त्यांत आणावा. शेपटीस स्पर्श झाला कीं तो उधळलाच.

बारा फुटांहून उंच जागीं मात्र दांड्याचा नाद सोडून दोरीवर सोडावयाचें कडें घ्यावें, असें भोयाचें मत. लातुराकडे तें पटलें. बंधाऱ्यांत पाणी अडविलेलें असतां तें हाताशीं येतें, आणि उन्हाळ्यांत तेंच पुरुषभर खालीं जातें. २०१६ सालीं तर मांजरा धरण आटलें, आणि एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पिण्याचें पाणी आणावें लागलें. मग मासे कोठले? बंधाऱ्यावरील गळवाल्यानें आपल्या बांबूवर कोळशानें दोन खुणा केल्या होत्या, एक दिवाळीची व एक होळीची. दौहित्रानें लागलीच आपल्या अकरा फुटी दांड्यावर तशा खुणा करून घेतल्या, आणि सुताराकडून दोरीसाठीं एक लोखंडी कडीही बसवून घेतली.