प्रार्थनेतले ‘आम्ही’

पदवीच्या पहिल्या वर्षाला व्याकरण शिकवताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद मी दरवर्षी समजावून सांगतो. ‘आपण जाऊ’ म्हणताना ऐकणाराही सोबत असतो. ‘आम्ही जातो’ म्हटले की तो मागे राहतो. हिंदीच्या ‘हम’ला किंवा इंग्रजीच्या ‘वुई’ला ही सोय नाही. विद्यार्थी उदाहरणे उतरवून घेतात आणि तास संपतो. या भेदाचा आपल्या प्रार्थनेशीही काही संबंध असेल, असे मला चाळिशी उलटेपर्यंत वाटले नव्हते.

नवीन जालन्यातल्या आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की कौटुंबिक प्रार्थना होई. एखादे गीत, शास्त्रपाठ, मग बाबांची प्रार्थना. बाबा देवाला ‘तू’ म्हणत. शाळेतल्या गुरुजींना, पाळकसाहेबांना अहो-जाहो करणारे बाबा देवाशी मात्र आईशी बोलावे तसे बोलत, याचे लहानपणी मला नवल वाटे. ते एकेकाचे नाव घेत आणि तो क्रम कधी बदलत नसे : आजी, आत्या, आई, मी, धाकटा भाऊ, नंतर शेजारी, आजारी माणसे आणि शेवटी पाऊस. आपले नाव येऊन गेले की आम्ही भाऊ एक डोळा उघडून एकमेकांकडे पाहायचो. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. ती पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टीकडे जितके लक्ष असते तितकेच तिच्याकडे असे.

आजी आमच्या घराण्याचे मूळ बेथेलला नेऊन पोहोचवी. जालन्याजवळची ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर वसवली. १८६०च्या दशकात ते या भागात आले आणि त्यांच्याभोवती जी मंडळी जमली, ती बहुतांशी गावकुसाबाहेरची होती. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस त्यांच्यासोबत प्रार्थनेला बसे, हे आजी अभिमानाने सांगे. त्यांच्या आयुष्याचा आधीचा भाग मला एम.ए.ला असताना कळला, तोही बाळशास्त्री जांभेकरांचे चरित्र वाचताना. नारायणरावांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. पण तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून जांभेकर उभे राहिले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. परीक्षेत हा प्रसंग मी सुधारणेच्या इतिहासातील एक मुद्दा म्हणून लिहिला. दोन भावांची गोष्ट म्हणून तो पुढे कधीतरी आठवेल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझा आणि भावाचा बेबनाव झाला. कारणे सांगत नाही. ती सगळ्या घरांत सारखीच असतात. ‘तुमचे तुम्ही, आमचे आम्ही’ हे वाक्य एकदा बोलले गेले आणि मग दोन्हीकडून बोलले जाऊ लागले. दोघेही एकाच मंडळीचे सभासद. रविवारी तो डावीकडच्या बाकांवर बसे, मी उजवीकडच्या.

पुढे एका घरी प्रार्थनासभा होती. आमच्याकडे अशा सभेत ज्याला वाटेल तो उठून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतो. मी उठलो. लोभाने आंधळ्या झालेल्यांना दृष्टी दे, बापाच्या कष्टांची जाण नसणाऱ्यांना सद्बुद्धी दे, असे मी देवाला सांगितले. भाषा चांगली होती. शिकवायचा सराव कामी आला. दोघातिघांनी ‘आमेन’ही म्हटले. भाऊ दारापाशी मान खाली घालून बसला होता. देवाकडे तोंड करून मी बोलत होतो त्याच्याशी. सभा संपण्यापूर्वीच तो निघून गेला.

त्या रात्री मत्तयाचा सहावा अध्याय उघडला. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांना येशूने तिथे फटकारले आहे. खोलीत जावे, दार लावावे आणि गुप्तपणे पित्याशी बोलावे, असे तो सांगतो. इथवर मी निमूटपणे वाचले. माझे नाव त्यात होतेच. पण दार लावून घ्यायला सांगितल्यावर काही ओळींतच तो जी प्रार्थना शिकवतो, तिच्यात ‘मी’ कुठेच नाही. पिता आमचा, भाकर आमची, ऋणही आमचेच. ऐकणारा देव असल्यामुळे मराठी अनुवादकाने ‘आपला पिता’ न म्हणता ‘आमचा’ म्हटले, हे व्याकरणाला धरूनच आहे. पण मग त्या ‘आम्ही’त कोण कोण येते? मंडळीत हा प्रश्न पडत नाही, कारण शेजारी माणसे असतात. बंद खोलीत मात्र मी एकटाच असतो आणि तरी अनेकवचनी बोलायचे असते. तिथे सोबत कोणाला धरायचे, ते माझे मलाच ठरवावे लागते.

मी बाबांच्या क्रमाने नावे घेऊ लागलो. माझ्या नावानंतर थेट शेजारी आले. भावाचे नाव कधी गळले, ते मला आठवेना. महिनेच्या महिने मी ‘आम्ही’ म्हणत होतो आणि त्यात तो नव्हता. त्याच्या घरी तो म्हणत असलेल्या ‘आम्ही’त कदाचित मी नव्हतो. तेव्हा शेषाद्री बंधू आठवले. इकडे बेथेलमध्ये रात्री दार लावल्यावर नारायणरावांच्या ओठांवर श्रीपतचे नाव येत असेल का? माझ्या ओठांवर भावाचे नाव यायला त्या रात्री बराच वेळ लागला.

एकांतातली प्रार्थना अधिक खरी आणि चारचौघांतली दिखाऊ, असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. चारचौघांत मी खोटे बोललो हे खरे. पण एकांतातही, कोणी पाहत नसताना, एक नाव गाळलेच होते. ते कळले, ते बाबांनी घरादारासमोर लावलेल्या क्रमामुळे.

आईच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्याकडच्या स्मरण-प्रार्थनेला, मी त्याला स्वतः जाऊन बोलावले. “दादा, बघतो,” एवढेच तो म्हणाला. आला, उंबऱ्याजवळ बसला. पाळकसाहेबांनी कोणी प्रार्थना करील का, असे विचारले. मी उठलो नाही. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. त्याने आजीपासून सुरुवात केली.

वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. माझे नाव येऊन गेल्यावर मी एक डोळा उघडून पाहिले. त्याचे डोळे मिटलेले होते.