भूर जाऊ या!

मंडळी, बाळाचे पहिले शब्द आठवून बघा. चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा... आणि 'भूर'! बरेचसे अंगणातलेच. ब, म असे ओठांवरचे आवाज तर बाळांना लवकर जमतात. आपल्या आज्या-पणज्यांनी केवढी सोय करून ठेवली आहे!

हे आठवायचं कारण माझ्या इंदापूरच्या भाच्याची लेक. दोन वर्षं पूर्ण झाली, पण शब्द जेमतेम पाच. या वयात मुलं दोन शब्द जोडू लागतात, ही मात्र हात धरून ओढत न्यायची. "बापही उशिराच बोलला होता," असं घरात चाललेलं. मला ते पटेना. सूनबाईंना म्हटलं, आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ! कान ठीक निघाले. स्पीच थेरपी सुरू झाली, पण ती आठवड्यातून एकदा. उरलेले सहा दिवस काय?

मध्ये सुट्ट्या पडल्या तेव्हा मायलेकी पंधरा दिवस बारामतीला माझ्याकडे आल्या. अंगणात घमेलंभर पाणी ठेवलं. मूठभर मोठे खडे (लहान नकोत, तोंडात जातात). एक टाकला, "डुबुक!" म्हटलं आणि गप्प बसले. हे गप्प बसणंच अवघड हो! आपण मोठी माणसं "हे काय? म्हण बघू, म्हण ना" करत तोंडी परीक्षाच घेतो. जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला तर फारच जड! पण ती जिकडे बघेल त्याचंच नाव घ्यायचं, आणि थांबायचं. मुंगी दिसली, मुंगी. शिरीषाची वाळकी शेंग हलवली, खुळखुळ. चौथ्या दिवशी खडा टाकून ती म्हणाली, "बुक!" सूनबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, शंख-शिंपले, बिया, पानं अशा साध्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. महागडी साधनं परवडणारी नव्हतीच. आता मोबाईल मात्र सगळ्यांना परवडतो! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, कमी तितकं बरं, असं सांगितलंय. खडा कसा, मूल टाकेल तेव्हाच वाजतो.

असो. आता इंदापूरला त्यांच्या गच्चीत घमेलं ठेवलंय. थेरपी चालूच आहे, ती सोडायची नाही. काल फोनवर "काऊ गेला" ऐकू आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे.