कोबानचा लाल रस्सा

ग्वातेमाला सिटी मागे पडली की बस मोतागुआ नदीच्या खोऱ्यात उतरते. निवडुंग, फुफाटा, रणरणतं ऊन. एल रांचोला फाटा फुटतो, रस्ता घाट चढू लागतो आणि बघता बघता ढग खिडकीला टेकतात. सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या कोबानात उतरेपर्यंत अंगात स्वेटर चढलेला असतो. इथली बारीक रिपरिप म्हणजे ‘चिपी-चिपी’; ती थांबायची वाट कुणी बघत नाही. अशा हवेत काकिक हवाच. टर्कीच्या मांसाचा हा लालभडक रस्सा केक्ची माया लोकांचा. लग्न, बारसं, देवाचा उत्सव, काही असो, चुलीवर तो चढतोच.

या मुलखाने स्पॅनिश तलवारीला दाद दिली नव्हती. त्याचं जुनं नाव तेसुलुतलान, म्हणजे युद्धभूमी. १५३७ मध्ये बार्तोलोमे दे लास कासास या डोमिनिकन पाद्र्याने गव्हर्नराशी करार केला, की सैनिक आणि वसाहतवाले दूर राहतील, आत फक्त धर्मोपदेशक जातील. पुढे प्रांताला वेरापास, खरी शांतता, असं नाव मिळालं. शांततेची किंमत अर्थात केक्चींनीच मोजली: डोंगरांत विखुरलेली कुटुंबं पाद्र्यांनी चर्चभोवतीच्या नव्या गावांत आणून बसवली.

१५४४ मध्ये पाद्री काही केक्ची सरदारांना थेट स्पेनला राजपुत्र फेलिपेच्या भेटीला घेऊन गेले. नजराण्यात केत्साल पक्ष्याची २००० पिसं होती, घुसळलेल्या चॉकलेटची भांडी होती, मका होता आणि तऱ्हेतऱ्हेच्या मिरच्याही होत्या. इतिहासकारांना त्यातलं चॉकलेट तेवढं आठवतं. मिरचीवर पोसलेल्या वाचकाने मात्र हा अन्याय नोंदवून ठेवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफी आली आणि गावकीच्या जमिनी गेल्या. १८७७ च्या कायद्याने मजुरांना मळ्यांशी बांधून टाकलं. मळेवाले बरेचसे जर्मन. दुसऱ्या महायुद्धात त्यांचीही मालमत्ता सरकारजमा झाली. मात्र पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशाच एका जर्मन मळेवाल्याने इथे वेलची लावली होती. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानातली ही वेलची आज कोबानच्या गोदामांत गोण्यांनी रचलेली असते. ग्वातेमाला वेलचीचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे आणि त्यातली बरीचशी जाते अरबांच्या कॉफीत. पिकवणाऱ्याच्या घरात तिचा वापर नावालाच.

घरात मान मिरचीचा. ग्वाके ही लांबट, गडद लाल मिरची रंग देते, तिखटपणा बेताचाच. कोबानेरो बोटाच्या पेराएवढीही नसते, पण धुरावर वाळवलेली असल्याने नाकात आधी धूर शिरतो आणि झटका मागून बसतो. टर्कीचे तुकडे लसूण, पुदिना, कोथिंबीर घालून निवांत शिजत ठेवतात. तोवर तव्यावर टोमॅटो, कांदा, लसूण आणि पापुद्र्यातले आंबट हिरवे मिलतोमाते साल काळं पडेपर्यंत भाजायचे. मिरच्या शेवटी, क्षणभरच. करपल्या तर रस्सा कडू होतो. सगळं वाटून, गाळून मांसाच्या पाण्यात सोडायचं. शेंद्रीने लाली गडद होते. उतरवायच्या आधी समात पडतं. लांब करवती पानांच्या या पाल्याचा वास कोथिंबिरीसारखाच, पण कितीतरी उग्र.

सोबत पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे गोळे येतात. कोबानेरोची पूड वेगळ्या वाटीत. ज्याने त्याने झेपेल तेवढी घ्यावी. २००७ मध्ये ग्वातेमाला सरकारने काकिकला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

मराठी स्वयंपाकघरात टर्कीच्या जागी गावठी कोंबडी, ग्वाकेच्या जागी बेडगी आणि मिलतोमातेच्या जागी कच्चा टोमॅटो चालून जातो. समात नसेल तर कोथिंबीर देठांसकट, सढळ हाताने घालावी. कोबानेरोच्या धुरासाठी दोन-चार सुक्या लवंगी मिरच्या निखाऱ्यावर धरता येतात. खिडक्या मात्र आधी उघडाव्यात.