भोकर नेमके कोणते?

भोकर म्हणजे ज्याच्या फळांचे लोणचे घालतात ते झाड, भोकर म्हणजे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, आणि त्याच नावाचे एक गाव जळगावकडेही असल्याने पाकिटावर ‘ता.’ आणि ‘जि.’ लिहिल्याखेरीज टपाल नेमके पोचत नाही. प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांत, म्हणजे मजकूर टंकणे, तपासणे व चालवून पाहणे ही कामे एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरुवातीलाच जी ‘अलीकडील प्रकल्पां’ची यादी दिसते तिची अडचणही नाव आणि पत्ता यांचीच आहे, कारण ती यादी कामाची नोंद ठेवत नाही, केवळ कामाच्या पत्त्याची ठेवते.

पत्ता येथे ‘पाथ’ या अर्थी घ्यावयाचा: डिस्कचे अक्षर, मग फोल्डर, त्यातला फोल्डर, अशी उतरंड. अशा साधनांपैकी व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१५ पर्यंतच्या आवृत्त्या हे पत्ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, ठेवत, व्हीएस कोड ते एका छोट्या डेटाबेस फाइलीत ठेवतो, तर इंटेलिजे एक्सएमएल फाइलीत लिहितो आणि वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरच्या जागी खूणशब्द घालतो, जेणेकरून ते फोल्डर हलले तरी ओळ जिवंत राहावी. एवढी दूरदृष्टी सर्वत्र आढळत नाही. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत जेथे एकाच संगणकावर अनेक विद्यार्थी पेन ड्राइव्ह लावून काम करतात, तेथे काल ‘ई’ असलेला ड्राइव्ह आज ‘एफ’ होतो, आणि प्रकल्प खिशात सुखरूप असतानाही यादीतली ओळ मृत ठरते. व्हिज्युअल स्टुडिओ मग ती ओळ काढून टाकायची का, असे विचारतो, जणू प्रकल्पच नष्ट झाला आहे.

नावांचा गोंधळ याहून जुना. अँड्रॉइड स्टुडिओ नव्या प्रकल्पाला आपणहून ‘माय ॲप्लिकेशन’ हे नाव सुचवतो, ते बदलण्याचा आळस केल्यास यादीत एकाच नावाच्या ओळींची रांग लागते, आणि नावाखाली बारीक अक्षरांत छापलेला पाथ हाच काय तो ‘ता.’ आणि ‘जि.’ उरतो. प्रकल्पांना गावांची नावे दिली असल्यास शोधचौकटीत ‘भोकर’ टंकताच जालना जिल्ह्यातील भोकरदनचा प्रकल्पही पुढे येतो, हे तर ओघानेच आले.

मराठी वापरकर्त्यापुरते एक वेगळे वैगुण्य मात्र अधिक विचार करण्यासारखे आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या फोल्डरमधील ऱ हे अक्षर युनिकोड या अक्षरक्रमांकांच्या जागतिक पद्धतीत तीन प्रकारे लिहिता येते: षोडशमान ०९३१ या स्वतंत्र क्रमांकाने, साध्या र-ला नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा अदृश्य जोडक यांच्या साहाय्याने. पडद्यावर बहुधा तिन्ही सारखीच दिसतात. पहिली दोन रूपे युनिकोड समतुल्य मानते, आणि ॲपलच्या २०१७ पासूनच्या फाइल-व्यवस्थेत ती एकच नाव ठरतात, पण विंडोजची एनटीएफएस त्यांना निराळी फोल्डरे समजते. तिसरे रूप तर समतुल्यच नसल्याने कोणत्याही व्यवस्थेत वेगळेच राहते. परिणामी यादीत एकसारख्या दोन ओळी दिसतात, एकीत कालचे काम असते, दुसरीत नसते, आणि दोष डोळ्यांचा वाटतो. रोमन लिपीत काम करणाऱ्या रचनाकारांना ही अडचण सहसा जाणवत नसावी.

यादीचा क्रमही विश्वासार्ह नाही. तो बहुधा उघडण्याच्या वेळेवर ठरतो, म्हणून दोन मिनिटे डोकावलेला जुना प्रकल्प वर चढतो आणि महिनाभर चाललेला खाली घसरतो. व्हिज्युअल स्टुडिओत ओळ टाचून ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी.

सामायिक संगणकावर ही यादी मागून बसणाऱ्याला आधीच्याचे नाव, विषय आणि कधीकधी ग्राहकाचे नावही सांगते, तेव्हा उठण्यापूर्वी आपल्या ओळी काढाव्यात. ओळ काढल्याने फोल्डर पुसले जात नाही.