अब्बांची पेटी आणि आमचा रविवार

पुण्यात धायरीच्या बाजूला एक जुनी शेड आहे. पूर्वी तिथे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनत. ते काम थांबलं, शेड रिकामी पडली आणि मालकांनी ती दर रविवारी आम्हाला वापरायला दिली. आम्ही दहा-बारा जण आहोत. दोघे-तिघे आयटीतले, एक निवृत्त डॉक्टर, एक बँकेतल्या मॅडम, आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी, आणि आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक, ज्यांना सगळेच सर म्हणतात. गटाला नाव नाही, अध्यक्ष नाही. महिन्याला तीनशे रुपये वर्गणी, त्यात चहा, वीज आणि पॉलिश पेपर. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सगळ्यांचं मिळून आणतो. पाडलेल्या वाड्याच्या चौकटी कुठे मिळाल्या तर त्या दिवशी सण असतो. जुन्या सागावर पहिला रंधा फिरला की आतून जो वास येतो, त्याच्यासाठी लोक कोथरूडहून आणि खराडीहून येतात.

पहिला तास फक्त धार लावायची. सरांचा नियम आहे. तासभर कुणी लाकडाला हात लावायचा नाही, पटाश्या आणि रंध्यांची पाती दगडावर घासायची. नव्याने आलेल्याला याचा कंटाळा येतो. पण गटातल्या सगळ्या खऱ्या गप्पा याच तासात होतात. मान खाली, हात चालू, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, त्यामुळे माणूस बोलतो. डॉक्टरसाहेबांच्या पत्नीच्या आजाराबद्दल आम्हाला कळलं ते असंच, दगडावर पाणी टाकता टाकता. ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळच आहे. एकट्या पडलेल्या, निवृत्त पुरुषांना सुतारकामाच्या निमित्ताने एकत्र आणणारी. तिथे आता अशा हजारावर शेड आहेत. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, असं ते म्हणतात. नमाजच्या सफमध्ये उभं राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. या गटात मी आठ महिने एक खोटं सांभाळलं.

माझा दुसरा किंवा तिसरा रविवार असेल. पातं दगडावरून उचललं आणि सवयीने अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. धार लागली असेल तर पातं नखावर अडतं, नसेल तर घसरतं. सर बघत होते. म्हणाले, “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

मी म्हणालो, “यूट्यूबवर पाहिलं.”

हे मला अब्बांनी शिकवलं होतं. सातवीत असताना, मे महिन्याच्या सुट्टीत. माझे अब्बा चाळीस वर्षं पुण्यात मिस्त्री होते. त्या शेडमध्ये मात्र मी ‘वडील रिटायर्ड आहेत’ एवढंच सांगितलं होतं. कशातून रिटायर्ड, हे कुणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. का नाही बोललो, याचं उत्तर सोपं आहे. तिथले लोक हौसेने लाकूड कापत होते. जर्मन पटाश्या, जपानी करवती. त्यांच्या घरी कपाट करायला येणारा माणूस आणि माझा बाप एकच आहे, हे सांगायची मला लाज वाटली. मी स्वतः प्राध्यापक आहे, वर्गात श्रमाच्या प्रतिष्ठेवर तास घेतो. ते तास बरे होतात.

अब्बा सातारा जिल्ह्यातले. आम्ही मुलाणी. गावगाड्यात सुतारही बलुतेदार आणि मुलाणीही, खळ्यावर दोघांना धान्य मिळायचं ते एकाच दिवशी. तिथल्या सुताराशी आजोबांची दोस्ती, म्हणून अब्बा लहानपणापासून त्यांच्या नेटावर बसायचे. नांगर, कुळव, पाभर, सगळं बाभळीचं. त्या उस्तादांनी अब्बांच्या हातात वाकस दिली आणि म्हणाले, बोटं वाचव, बाकी येईल. ट्रॅक्टर आले, ते काम गेलं. १९७८ साली अब्बा पुण्यात आले आणि फर्निचरच्या कारखान्यात लागले. सरस उकळायचं काम पहिलं. जनावरांच्या हाडा-चामड्याचा तो सरस, त्याचा वास कपड्यांतून जायचा नाही, असं अम्मी सांगायची. पुढे पांढऱ्या फेव्हिकॉलने तो वास संपवला. नंतर प्लायवूड आलं, सनमायका आला आणि शेवटी तयार मॉड्युलर फर्निचर आलं, ज्यात स्क्रू पिळायला येतो त्याला कारागीर म्हणतात. हे शेवटचं वाक्य अब्बांचं आहे. माझं मत इतकं कडक नाही, पण माझे गुडघे त्या कामात गेले नाहीत. अब्बांचे गेले. जमिनीवर उकिडवं बसून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरायची आणि दोन्ही हातांनी करवत चालवायची, अशी चाळीस वर्षं.

खोटं उघडं पडलं ते आमच्या घरच्या रेहलमुळे. कुराण ठेवायची रेहल सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती एकाच फळीतून निघते हे पुष्कळांना माहीत नसतं. आमच्याकडची अब्बांनी स्वतःच्या लग्नाच्या वर्षी केलेली. माझ्या मुलाने तिच्यावर पाय दिला आणि बिजागरीचं एक बोट तुटलं. अब्बा काही बोलले नाहीत. तुकडा कागदात बांधून ठेवला. मी गुपचूप ती शेडमध्ये नेली, जोडता येईल का बघायला. सरांनी हातात घेतली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सगळे भोवती जमले. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक नाही, जोड नाही, मग ही उघडते कशी? सर म्हणाले, “हा माणूस कोण आहे? जिवंत आहेत का?”

जिवंत आहेत का, या प्रश्नाने माझी जीभ सुटली. “माझे वडील आहेत,” मी म्हणालो. “मिस्त्री होते.” आणि मग ते यूट्यूबचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. बँकेच्या मॅडम म्हणाल्या, “अहो, मग आणलं का नाहीत त्यांना इतके दिवस?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या रविवारी अब्बा आले. सोबत त्यांची पत्र्याची पेटी. माझ्या हातात त्यांनी ती दिली नाही. त्यांच्यासाठी टेबलाची जागा रिकामी केली होती, पण अब्बांनी जमिनीवर पोतं अंथरलं, दुखऱ्या गुडघ्यांनिशी हळूहळू बसले आणि सागाची फळी पायात धरली. मग सगळेच खाली बसले. डॉक्टरांना मांडी जमेना, त्यांनी पाट घेतला.

रेहल अशी होते. साधारण हात-दीड हात लांबीची, पाऊण इंच जाडीची, गाठ नसलेली फळी. मध्यापासून थोडी बाजूला बिजागरीची जागा आखायची आणि तिचे विषम भाग पाडायचे, पाच किंवा सात. ही बिजागरीची बोटं. एका बाजूने एक सोडून एक बोट पटाशीने उतरतं तासायचं, फक्त निम्म्या जाडीपर्यंत. मग फळी उलटायची आणि राहिलेली बोटं तशीच. बोटांच्या मधल्या रेषा बारीक करवतीने आरपार सोडवायच्या. शेवटी फळीच्या दोन्ही टोकांकडून जाडीच्या बरोबर मधून करवत घालायची आणि बिजागरीपाशी येऊन थांबायचं. इथे बहुतेकांची मोडते. करवत केसभर तिरकी गेली की बोट कापलं जातं, आणि ते आतल्या बाजूला असल्यामुळे दिसतही नाही. सगळं बरोबर झालं तर मोगरीचा हलका ठोका द्यायचा आणि फळी पुस्तकासारखी उघडते.

अब्बांची उघडली तेव्हा आर्किटेक्चरवाली मुलगी ओरडलीच. अब्बा लाजले. मग सांगू लागले, जे घरी आम्ही शंभर वेळा ऐकलंय: जकरिया पैगंबर सुतार होते, हदीसमध्ये आहे. आणि मदीनेच्या मशिदीत लाकडी मिंबर आला तेव्हा पैगंबर (स.) ज्याला टेकून खुत्बा द्यायचे ते खजुराचं खोड रडलं, आणि त्यांनी खाली उतरून त्याच्यावर हात ठेवला. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, इथे हे कशाला असं. सर शांतपणे म्हणाले, “खरं आहे, लाकडाला कळतं.” जोहरच्या वेळी अब्बांनी कोपऱ्यातला भुसा झाडून रुमाल अंथरला. कुणीतरी उठून मशीन बंद केलं.

त्याच दिवशी निघताना गटातल्या एकाने विचारलं, “चाचा, आमच्याकडे जुना दिवाण आहे, दुरुस्त करून द्याल का? काय घ्याल?” माझं डोकं फिरलं. आत्ता दोन तास उस्ताद म्हणून ऐकलं आणि लगेच कामाला लावायचं? रस्त्यात मी हे बोललो. अब्बा गाडीत मागे पेटी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, “उसने काम पूछा, भीक नई पूछी. तेरेकू काय को बुरा लगा?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पैसे बोल्या मैं. पूरे लेऊंगा.”

पूर्ण घेतले. दोन दिवस जाऊन दिवाण करून आले, त्या माणसाला हाताखाली घेतलं आणि त्याच्या जपानी करवतीचं कौतुकही केलं. ती ओढताना कापते, आपली ढकलताना. वय बहात्तर, पण घरी येऊन तासभर तेच सांगत होते. मी अजूनही त्या प्रश्नावर पूर्ण खूश नाही. मात्र राग त्याच्यावर जेवढा होता, त्यातला किती माझ्या आठ महिन्यांचा होता, हे मोजायला गेलो की माप चुकतं.

त्यानंतर गटात सात जणांनी रेहल करायला घेतली. पाच मोडल्या, त्यात माझी पहिली. बँकेच्या मॅडमची उघडली. एका कडेला थोडी तिरकी आहे, पण उघडली. त्यांच्या सासूबाई आता तिच्यावर ज्ञानेश्वरी ठेवतात. अब्बांना फोटो दाखवला तर बोट ठेवून म्हणाले, इथे पटाशी बोथट होती. घरची जुनी रेहल मात्र अब्बांनी जोडू दिली नाही. तुटका तुकडा अजून कागदात आहे.

अब्बा आता दर रविवारी येतात. धार लावायच्या तासात ते फारसं बोलत नाहीत, प्रत्येकाचं पातं मागून घेतात, नखावर टेकवतात, परत करतात. परत केलं म्हणजे पुन्हा घासा. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी बाभळीचा तुकडा आणायचा आहे. साग पुरे झाला, असं ते म्हणाले. बाभळीला हात दुखतील, तेही सांगून ठेवलंय.